भडगावचा डावा कोपरा

फितूर होऊन सुकदेव महाजनला काय मिळालं असतं, याचा हिशेब सुनंदाबाई झोपे यांनी तोतारामभाऊंच्या कपातला चहा संपायच्या आत मनातल्या मनात करून टाकला. जमेच्या बाजूला फार तर धुळ्याच्या एखाद्या शौकिनाने खिशात सरकवलेल्या चार नोटा. खर्चाच्या बाजूला दीपनगरच्या वीज केंद्रातली खेळाडूच्या जागेवरची नोकरी, तोतारामभाऊंची मुलगी आणि सात जणांच्या साखळीतला डावा कोपरा. असा व्यवहार करणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याने तो केलेलाच नसतो.

"वेडा आहे का हो तुमचा जावई?" त्यांनी विचारलं.

"अजून जावई झाला कुठं," तोतारामभाऊ म्हणाले. "आणि तेच विचारायला आलो. मंडळातल्याच एका भल्या माणसानं कानावर घातलं. नाव सांगू नका म्हणाला, शपथ घातली. पोरगं विकलं गेलं असेल तर सोयरीक मोडतो. नसेल तर लोकांची तोंडं बंद करून द्या."

सुनंदाबाईंचा धंदाच हा. जळगावात कापडाच्या दुकानावरच्या माडीवर त्यांची पाटी होती, 'विवाहपूर्व चौकशी'. मुलाचा पगार खरा की सांगण्यापुरता, दारू सणावारी की रोज, आधीची बायको आहे की वारली, हे सगळं त्या दोन्हीकडच्यांना न दुखवता काढून आणत. १९८८ साली जिल्ह्यातल्या निम्म्या वरबापांना ती पाटी पाहिली की घाम फुटे.

शेजारच्या खुर्चीवर त्यांचे दीर गिरधर बसले होते. सावद्याला त्यांची केळीची बाग होती, पण बागेपेक्षा कबड्डीच्या मैदानावर त्यांचे पाय जास्त झिजले होते. काल शुक्रवारचा धुळ्याचा सामना त्यांनी स्वतः पाहिला होता, आणि म्हणून त्यांच्या दृष्टीने चौकशी सुरू होण्याआधीच संपली होती.

"वहिनी, जाऊ द्या. पोरगं विकलं गेलंय," ते म्हणाले. "मी डोळ्यांनी पाहिलं."

"नोटा घेताना पाहिलंत?"

"खेळताना पाहिलं."

"मग बसमध्ये सांगा. आज शनिवार आहे ना? संघ धुळ्यातच असेल."

*

एरंडोल मागे पडेपर्यंत गिरधरभाऊजींनी सुनंदाबाईंना अख्खी कबड्डी शिकवली. त्यांना ती येत नव्हती आणि त्याची लाजही नव्हती.

समोरचा एकटा चढाईला येतो. आपले सात हातात हात धरून साखळी करतात. डाव्या टोकाला डावा कोपरा, उजव्या टोकाला उजवा. आलेल्या माणसाचा घोटा कोण धरणार, हे त्या क्षणी सगळ्यांना एकदम कळावं लागतं. त्यासाठी प्रत्येक संघाच्या आपापल्या हाका असतात. भडगावच्या गिरणाकाठ मंडळाचा कप्तान भिकन हाक देतो आणि साखळीला कळतं. समोरच्याला कळत नाही.

"आणि शुक्रवारी कळलं?"

"पहिल्या डावात सगळं कळलं. धुळ्याच्या पिवळ्या बनियनवाल्यांचा झिपरू चढाईला यायचा. भिकननं हाक दिली की हा बरोबर दुसऱ्या बाजूला. ऊन थेट डोळ्यांत होतं त्याच्या, तरी चुकला नाही. दोन लोण चढले भडगाववर. म्हणजे सातच्या सात दोनदा बाद."

"मग?"

"मध्यंतरात भिकननं सुकदेवला बसवलं आणि वनाला घेतलं. राखीव पोरगा. आणि वहिनी, चमत्कार. तोच झिपरू, पण आता पाहुण्यासारखा आपल्या पायानं चालत साखळीच्या तोंडात यायचा. पाच वेळा धरला. उन्हाकडे तोंड आता भडगावचं, तरी. तीन गुणांनी हरले, पण पहिल्या डावाच्या ओझ्यानं. सुकदेव आत होता तोवर हाका फुटत होत्या, तो बाहेर गेला आणि फुटायच्या थांबल्या. यात काय राहिलं?"

सुनंदाबाई खिडकीबाहेर कपाशीची वाळलेली झाडं पाहत होत्या. "झिपरू दुसऱ्या डावात गोंधळलेला होता की ठाम?"

"म्हणजे?"

"हाका कळेनाशा झालेला माणूस चाचरतो. तुम्ही म्हणालात, पाहुण्यासारखा चालत यायचा."

गिरधरभाऊजींनी आठवून पाहिलं. "ठाम होता. एकदम ठाम. म्हणून तर सापडायचा."

"बरं," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि पारोळ्याला बस थांबली तेव्हा त्यांनी उतरून पेरू घेतले.

*

संघ एका शाळेच्या वर्गात उतरला होता. बाकं भिंतीला लावलेली, मधे सतरंज्या. सकाळी भडगावने नंदुरबारकरांना सहज हरवलं होतं आणि अंतिम सामना पुन्हा त्याच पिवळ्यांशी ठरला होता. तरी वर्गात कोणी हसत नव्हतं. सुकदेव बाहेरच्या पायरीवर एकटा बसला होता, एक पाय सरळ पसरून.

सुनंदाबाई आधी कप्तानाकडे गेल्या. भिकन धिप्पाड, पण बोलताना जमिनीकडे पाहणारा.

"अक्का, सात वरीस त्याना हात धरीसन खेळनू मी," तो म्हणाला. "तो फितूर व्हयना, इकाई गया म्हणतस, तं मना हातच खोटा पडना."

"तरी बसवलंत त्याला."

"रुपचंदभाऊंनी मध्यंतरात सांगितलं. मंगळवारी पारोळ्याला त्यांनी सुकदेवला झिपरूसोबत चहा पिताना पाहिलं होतं. दोन लोण अंगावर घेऊन उभा होतो मी. डोकं फिरलं."

"हाका कोणाकोणाला ठाऊक?"

"आम्ही सात, वना, उखर्डूनाना आणि रुपचंदभाऊ. हाका या हंगामाच्या नव्या शेत, शुक्रवारनाच पहिला सामना. सरावाला बाहेरचं कुत्रंही उभं करत नाही आम्ही."

"सुकदेव काय म्हणतो?"

"काही म्हणतच नही. तेच तं खाई ऱ्हायनं माले."

मग वना. बारीक, चपळ, नजर न चुकवणारा. सरावात तो साखळीसमोर चढाई करून तिला घाम फोडत असे, म्हणून त्याला प्रत्येक हाक पाठ होती.

"सुकदेव गेला की जागा तुझी," सुनंदाबाई सरळच म्हणाल्या.

"माले जागा पाहिजे व्हती, अक्का. अशी नही."

"शुक्रवारी अचानक आत गेलास. हाका चुकल्या नाहीत?"

"एकही नाही. भिकनभाऊनी बोलायचं, आपण घुसायचं. तिथं विचार केला की मेला माणूस."

दाराबाहेर येताच गिरधरभाऊजी कुजबुजले, "हाच. जागा मिळाली ना याला."

"सकाळी सुकदेव होता."

"सकाळी मला हा माहीत नव्हता."

उखर्डूनाना वर्गातल्या मास्तरांच्या खुर्चीवर बसून सुपारी कातरत होते. पन्नास वर्षांपूर्वी ते स्वतः खेळले होते. गुडघे तेवढे त्या वेळचे राहिले नव्हते, बाकी सगळं होतं. हाका त्यांनीच बांधलेल्या. मागच्या हंगामात भाज्यांची नावं होती. ती फुटण्याआधीच लोकांना पाठ झाली, म्हणून या वेळी बदलली.

"आमनं मैदान एकाच तोंडाचं शे, बाई," नाना म्हणाले. "खालचं टोक गिरणाच्या पुरानं खाल्लं. म्हणून सरावाला साखळी कायम वरच्या टोकाला उभी राहते. डाव्या अंगाला नदी, उजव्या अंगाला गाव. तेच नाव दिलं. 'नदी' म्हटलं की एक कोपरा घुसतो, 'गाव' म्हटलं की दुसरा. 'पूल' म्हटलं की दोन्हीकडून मिटायचं. पोरांच्या अंगात भिनलं आता. घरी बायकोलाही तसंच बोलतात, त्या शिव्या देतात."

"आणि तुमच्या मते फितूर कोण?"

नानांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. "सुकदेव आठ वर्षांचा होता, तेव्हा मी त्याला मैदानात आणला. तो असेल तर माझाच हात कुजका. दुसरा कोणी असेल तरी मीच निवडलेला. माझ्याकडून उत्तर काढू नका."

रुपचंदभाऊ मात्र मोकळेपणाने बोलले. मंडळाचे व्यवस्थापक. बसची तिकिटं, जेवण, सामन्याआधी पंचांच्या टेबलावर जाऊन खेळाडूंची नावं देणं, सगळं त्यांच्याकडे. पांढरा सदरा, खिशाला पेन, भाषा शहरी.

"मला स्वतःला फार वाईट वाटलं, बाई. पण मंडळाचं हित आधी."

"तुम्ही पारोळ्याला कसे?"

"बहिणीकडे गेलो होतो. भाचा आहे तिथं. तोही खेळतो, तिथल्या संघात डावा कोपरा. मामाचं लक्ष असावं लागतं."

"सरावाला रोज असता?"

"रोज. नदीच्या बांधाजवळ माझी खुर्ची ठरलेली. पोरं म्हणतात, रुपचंदभाऊंच्या खुर्चीला मुळं फुटली." ते स्वतःच हसले. "उद्या दीपनगरचे साहेब येतायत सामना बघायला. एकच जागा आहे, तीही कोपऱ्यातल्या खेळाडूची. सुकदेव बसून राहिला तर साहेब दुसरीकडे बघतील. माझ्या जिवाला किती लागतंय, काय सांगू."

सुनंदाबाईंनी मान हलवली. माणसाच्या जिवाला लागलं की तो सदऱ्याची घडी नीट करत नाही, असं त्यांचं जुनं निरीक्षण होतं, पण ते त्या सांगत बसल्या नाहीत.

शेवटी त्या पायरीवर सुकदेवशेजारी जाऊन बसल्या.

"माले काही सांगनं नही शे, अक्का," तो आधीच म्हणाला.

"मी काही विचारलंही नाही. पेरू खा."

त्याने पेरू घेतला. बराच वेळ दोघंही चावत राहिले.

"मुलगी आवडली का रे?"

तो लाजला, मग एकदम पडला चेहरा. "तोतारामभाऊ मोडणार म्हणे."

"ते माझ्यावर आहे. पारोळ्याला झिपरूकडे कशाला गेलास?"

सुकदेव उठला. उठताना त्याने भिंतीचा आधार घेतला, आणि ते कोणी पाहिलं का म्हणून वर्गाच्या दाराकडे पाहिलं.

*

झिपरू मोकळ्या मैदानावर दोरीच्या उड्या मारत होता. दोन जिल्ह्यांतला सगळ्यात वेगवान चढाईपटू, पण बोलायला हळू.

"सुकदेवचा कोणता गुडघा दुखतो?" सुनंदाबाईंनी आल्या आल्या विचारलं.

त्याची दोरी थांबली. "कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. पाय दुमडून बसत नाही तो. कोणता?"

"माहीत आहे. सांगणार नाही."

"तुझ्याच विरोधात खेळतो तो. तुला फायद्याचं आहे."

"म्हणूनच," झिपरू म्हणाला. "पारोळ्याला एक हाडवैद्य आहे. माझा घोटा त्यानंच बसवला. सुकदेवनं मला विचारलं, मी नेऊन दाखवलं. आपल्या संघात दुखणं सांगितलं की मनात माणूस निम्मा होतो, बाई. विरोधी माणसाला सांगितलेलं परवडतं. तो एकटाच ओळखतो की हे काय असतं."

"शुक्रवारी तू त्या गुडघ्यावर गेला नाहीस."

"गेलो असतो तर मीच मला पकडला असता."

"मग हाका कशा कळल्या?"

झिपरूने दोरी गुंडाळली. त्याला ते बोलणं आवडत नव्हतं, हे दिसत होतं. "आमच्या मास्तरांनी सांगितलं. टॉस झाल्यावर टेबलाकडून परत आले आणि म्हणाले, 'नदी' ऐकलं की स्टेजकडच्या अंगाला धोका, 'गाव' ऐकलं की स्टेजसमोरच्या अंगाला. मी म्हटलं, मला खेळायचंय, ऐकायचं नाही. मास्तर म्हणाले, ऐक. दुसऱ्या डावात ऐकलं आणि पाच वेळा तोंडघशी पडलो. तेव्हापासून मास्तर माझ्यावर चिडलेत आणि मी त्यांच्यावर."

"कोणी सांगितलं त्यांना?"

"ते सांगणार नाहीत. मीही विचारणार नाही."

परतताना गिरधरभाऊजी जोरजोरात मान हलवत होते. "म्हणजे दुसऱ्या डावात हाका बदलल्या होत्या. बदलल्या कोणी? नानांनी. म्हणजे नानांना फितुरी माहीत होती. म्हणजे नाना."

"भाऊजी, आता फक्त तुम्ही आणि मी उरलो."

*

संध्याकाळी वर्गातच पंगत बसली. दोन रांगा समोरासमोर, मधे वाट. शेवभाजी, भाकरी, कांदा. सुकदेव रांगेच्या शेवटी बसला. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती.

"मीठ नदीला सरकाव," या रांगेतून कोणी म्हणालं, आणि मीठ खिडकीकडे निघालं. समोरच्या रांगेतही कोणी तेच म्हणालं, आणि तिथलं मीठ दाराकडे निघालं. कोणाचाच हात अडखळला नाही. सुनंदाबाईंची भाकरी मात्र भाजीत बुडवताना मधेच थांबली.

रुपचंदभाऊ भाजीची बादली घेऊन आले. "भाऊ, नदीकडून सुरू करा," दाराच्या टोकाकडचा एक खेळाडू म्हणाला. रुपचंदभाऊ खिडकीच्या टोकाला गेले आणि तिथून वाढत आले. तो म्हणाला, "भाऊंच्या वाढण्याला पोचेपर्यंत आम्ही उपाशी," आणि दोन-तीन जण त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

"गिरधरभाऊजी," सुनंदाबाई हळूच म्हणाल्या, "उद्या सकाळी तोतारामभाऊंना इथं बोलावून घ्या. आणि आज शांत झोपा."

"म्हणजे तुम्हाला कळलं?"

"तुम्हीच तर बसमध्ये सांगितलं."

गिरधरभाऊजी त्या रात्री झोपले नाहीत.

*

रविवारी सकाळी चहा झाल्यावर सुनंदाबाईंनी सगळ्यांना वर्गात उभं केलं. सात खेळाडू, वना, नाना, रुपचंदभाऊ. तोतारामभाऊ पहिल्या बसने आले होते आणि फेटा न काढता दाराशी उभे होते.

"मला कबड्डी येत नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून एक लहान मुलांचा खेळ खेळू. निम्मे जण खिडकीकडे तोंड करा, निम्मे दाराकडे. रुपचंदभाऊ, तुम्ही खिडकीकडे. नाना, तुम्ही बसूनच. मी टाळी वाजवली की प्रत्येकाने नदी दाखवायची. विचार करायचा नाही."

टाळी वाजली. हात उठले. निम्मे फळ्याकडे, निम्मे मागच्या भिंतीकडे. पोरं स्वतःच चकित झाली. नदी एका वर्गात दोन ठिकाणी होती. पण प्रत्येकाचा उठलेला हात डावा होता. नानांचाही. वनाचाही. रुपचंदभाऊंनी मात्र समोरच्या खिडकीकडे बोट केलं होतं, उजव्या हाताने.

"आता सगळे मागे फिरा. पुन्हा."

टाळी. सगळ्यांचे डावे हात पुन्हा उठले आणि दोन्ही नद्यांनी जागा बदलल्या. फक्त एक बोट होतं तिथंच राहिलं. रुपचंदभाऊ मागे फिरले होते, पण बोट अजून खिडकीकडेच होतं.

रुपचंदभाऊंनी हात खाली घेतला.

"बसा आता," सुनंदाबाई म्हणाल्या. "शुक्रवारचा हिशेब सांगते. मध्यंतरात सुकदेव बाहेर गेला आणि पिवळ्यांना हाका कळेनाशा झाल्या, असं सगळ्यांनी धरलं. पण कळेनाशा झाल्या असत्या तर झिपरू चाचरला असता. तो तर ठाम होता, आणि प्रत्येक वेळी उलटा. म्हणजे त्याला हाका कळतच होत्या, पण उलट्या बाजूच्या. मध्यंतरात सुकदेव बदलला, हे खरं. आणखी काय बदललं?"

गिरधरभाऊजींचा चेहरा हळूहळू उघडत गेला.

"ऊन," ते म्हणाले. "पहिल्या डावात झिपरूच्या डोळ्यांत ऊन होतं, दुसऱ्या डावात भडगावच्या. बाजू बदलल्या."

"शाब्बास, भाऊजी. संघ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला. पण भडगावच्या सरावाच्या मैदानाला एकच टोक आहे. तिथं नदी म्हणजे डावा हातही आणि बांधाकडची बाजूही. तिथं दोन्ही एकच. तुमच्यासारखं साखळीत उभं राहून जो शिकला, त्याच्यासाठी नदी म्हणजे हात. तो मागे फिरला की नदी त्याच्याबरोबर फिरते. काल जेवताना मीठसुद्धा फिरत होतं. पण बांधाजवळच्या खुर्चीवर बसून जो शिकला, त्याच्यासाठी नदी म्हणजे जागा. ती फिरत नाही."

भिकन आता खाली पाहत नव्हता.

"पिवळ्यांच्या मास्तरांना निरोप गेला तो असा, 'नदी म्हणजे स्टेजकडचं अंग'. टॉसनंतर, साखळी कुठल्या टोकाला उभी राहणार हे कळल्यावर, टेबलाजवळ. पहिल्या डावात तो बरोबर होता. बाजू बदलल्यावर उलटा झाला. सुकदेवने, वनाने, तुमच्यातल्या कोणीही सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं?"

"त्यासना डावा हात," वना म्हणाला.

"डावा हात. आणि ते दोन्ही डावांत चाललं असतं, तुम्ही वीस गुणांनी हरला असता. ही चूक खेळणाऱ्याच्या हातून होणंच शक्य नाही. हाका ठाऊक असलेल्या दहा जणांत न खेळलेला माणूस एकच आहे. आणि टॉसनंतर नावं द्यायला टेबलाजवळ गेलेलाही एकच."

"बाई, एका बोटावरून..." रुपचंदभाऊ म्हणाले.

"बोट फक्त दाखवायला. तुम्ही सुकदेवला पारोळ्यात पाहिलंत मंगळवारी. सांगितलंत शुक्रवारी, मध्यंतरात, दोन लोण चढल्यावर. मंडळाचं हित आधी असतं तर मंगळवारीच नानांच्या कानावर गेलं असतं. तुम्ही ते हरण्याच्या क्षणासाठी राखून ठेवलंत. पुढे तर नशीबच तुमच्या बाजूनं उभं राहिलं. सुकदेव बसला त्याच वेळी बाजू बदलल्या आणि तुमच्या चुकीनंच तुमचं खोटं खरं दिसलं."

त्या दाराकडे वळल्या. "तोतारामभाऊ, त्या भल्या माणसाची शपथ आता राहिली का?"

तोतारामभाऊंनी फेट्याला हात लावला. "नाही. हेच आले होते. वर म्हणाले, पारोळ्याला माझा भाचा आहे, डावा कोपरा खेळतो, दीपनगरला याच्यानंतर त्याचाच नंबर. पोरीसाठी वाईट नाही."

"नोकरी आणि नवरी, दोन्ही एकाच जागेवरून," सुनंदाबाई म्हणाल्या. "बसायचं फक्त सुकदेवला."

रुपचंदभाऊ बाकावर बसले. "मला सामना हरवायचा नव्हता," ते पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. "बहीण विधवा आहे. मला वाटलं, एका सामन्यात पडलं थोडं, तर..."

"त्या भाच्याला माहीत होतं?"

"नाही."

"मग त्याच्या नावाला आजपासून कोणी हात लावायचा नाही," नाना म्हणाले. "आणि तुमी, रुपचंदभाऊ, आते घर जा."

मग सुकदेवला बोलावं लागलं. पारोळ्याचा हाडवैद्य, गुडघा, सगळं. बोलताना त्याचा चेहरा फितूर ठरल्यापेक्षा जास्त पडला होता. भिकन उठून त्याच्यासमोर उभा राहिला.

"कव्हढा दुखस?"

"आते नही दुखस. बसवला त्यानी."

"दुखना तरी सांगजो," भिकन म्हणाला. "आम्ही तुले निम्मा समजनार नही. दीडपट समजसूत. गुडघा ना गुडघा, वर तू."

*

हाकांचं काय करायचं, हा प्रश्न उरला. "उलट्या करा," गिरधरभाऊजी म्हणाले. "नदी म्हणजे उजवा हात."

सगळे त्यांच्याकडे असे पाहू लागले की त्यांनी चहाचा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला. अंगात भिनलेली नदी एका सकाळीत उजवीकडे वळत नाही.

"हाक देतच राहीन मी," भिकन म्हणाला. "तोंडाला येईल ती. ऐकायची पिवळ्यांनी. आपण हातानं बोलू. ज्या बाजूला घुसायचं, त्या बाजूचा हात मी दाबीन, तो पुढं दाबत जाईल."

दुपारी चार वाजता मैदान गच्च भरलं होतं. पिवळ्यांच्या मास्तरांनी दोन दिवसांत आपली चूक शोधली होती. बाजू बदलली की हाकाही उलट्या धरायच्या, हे त्यांनी झिपरूला दहादा बजावलं होतं. झिपरू ऐकत होता आणि कंटाळला होता.

भिकनचा आवाज गडगडत होता. "नदी." झिपरू साखळीच्या उजव्या अंगाला झेपावला, आणि उजवा कोपराच त्याच्या घोट्यावर बसला. "गाव." तो साखळीच्या डाव्या अंगाला गेला, सुकदेवने त्याला कमरेतून उचलून मध्यरेषेपासून चार हात दूर ठेवला. तिसऱ्या वेळी भिकनने 'पारोळा' अशी हाक दिली. अशी हाक नव्हतीच. झिपरू क्षणभर थांबला, आणि सगळी साखळी त्याच्यावर मिटली.

त्यानंतर झिपरूने मास्तरांकडे पाहणं सोडून दिलं आणि ऐकणंही. मग मात्र खेळ झाला. कान बंद केल्यावर तो वाऱ्यासारखा खेळला. दोन चढायांत त्याने चार गुण काढले, भडगावला एकदा लोणाच्या काठावर नेलं. शेवटच्या मिनिटाला भडगाव फक्त दोन गुणांनी पुढे होतं आणि झिपरू शेवटच्या चढाईला आला.

साखळीतून दाब गेला. सुकदेव डाव्या कोपऱ्यातून जमिनीलगत सरपटत निघाला, घोटा धरला, आणि झिपरूने उरलेल्या सगळ्या अंगाने ओढ घेतली. मध्यरेषा वीतभर राहिली. मग भिकन पडला, वरून आणखी चौघे, आणि धुळीतून पंचांचा हात वर गेला.

वना राखीव बाकावरून सगळ्यात आधी मैदानात पोचला.

दीपनगरच्या साहेबांनी सुकदेवचं नाव विचारलं नाही; ते त्यांना आधीच माहीत होतं. त्यांनी केंद्रात कामावर मिळणाऱ्या बुटांसाठी पायाचं माप विचारलं.

*

तर या व्यवहारात पदरचं भरलं कोणी?

रुपचंदभाऊंनी आपली खुर्ची भरली. पिवळ्यांच्या मास्तरांनी झिपरू; पुढच्या हंगामात तो दुसऱ्या संघाकडून खेळायला गेला, कारण विचारलं तर म्हणायचा, तिथं कोणी कानात बोलत नाही. गिरधरभाऊजींनी एका रात्रीची झोप आणि तीन फितूर. सुकदेवने भरलं ते दोन दिवस पायरीवर बसून, आणि ते त्याला कोणी परत देऊ शकत नव्हतं. भिकनने एवढंच केलं की बसमध्ये खिडकीची जागा त्याला दिली आणि भडगावपर्यंत स्वतः उभा राहिला.

पण रोख भरणारा वेगळाच निघाला. संघाने जिंकलेली ढाल दाराएवढी होती. कंडक्टरने तिच्याकडे पाहिलं, भिकनकडे पाहिलं आणि लगेजचं तिकीट मागितलं. तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं की मंडळाची पिशवी कायम रुपचंदभाऊंकडे असे, आणि ते सकाळच्याच बसने गेले होते. आठ धुळीने माखलेले विजेते अर्ध्या चड्ड्यांचे खिसे चाचपू लागले.

पुढच्या सीटवरून एक हात आला आणि कंडक्टरच्या तळहातावर नोट ठेवली.

"काढा तिचं तिकीट," तोतारामभाऊ म्हणाले. "जावयाची आहे."